आतड्यांतून मेंदूकडे पाहणारा शास्त्रज्ञ : इल्या मेचनिकॉव्ह

शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशींचा शोध लावणारे शास्त्रज्ञ, अशी इल्या मेचनिकॉव्ह यांची जगाला ओळख आहे. 1908 चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कार्यासाठी मिळाले. मात्र आयुष्याच्या अखेरच्या दीड दशकात त्यांना ज्या प्रश्नाने झपाटले होते, तो वेगळाच होता. मोठ्या आतड्यात वस्ती करून राहिलेले असंख्य जिवाणू दूरवरच्या मेंदूतील पेशींच्या ऱ्हासाला हातभार लावतात काय, हा तो प्रश्न. त्यांच्या हयातीत या विचाराचे काहींनी भाबडेपणाने स्वागत केले, अनेकांनी त्याची थट्टा केली आणि मृत्यूनंतर तो अडगळीत पडला. शंभर वर्षांनी मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या व्याधीचे कारण शोधणारे संशोधक पुन्हा त्याच प्रश्नापाशी येऊन थांबले आहेत. मेचनिकॉव्ह यांनी दिलेली उत्तरे बरीचशी चुकली. त्यांचा प्रश्न मात्र टिकला.

मेचनिकॉव्ह यांचा जन्म मे 1845 मध्ये तत्कालीन रशियन साम्राज्यातील आणि आजच्या युक्रेनमधील खारकीव्ह शहराजवळच्या एका खेड्यात झाला. वडील झारच्या रक्षकदलातील अधिकारी, तर आई ज्यू वंशाच्या एका लेखकाची कन्या. पाच भावंडांत इल्या सर्वांत धाकटे. लहानपणापासून त्यांना वनस्पती आणि प्राणी यांचे वेड होते. खारकीव्ह विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पूर्ण केला. त्यानंतर जर्मनीतील विद्यापीठांत आणि इटलीतील नेपल्सच्या किनाऱ्यावर त्यांनी समुद्री जीवांच्या गर्भविकासाचा अभ्यास केला. विशीच्या उंबरठ्यावरच त्यांचे नाव युरोपातील प्राणिशास्त्रज्ञांच्या वर्तुळात आदराने घेतले जाऊ लागले. ओडेसा येथील विद्यापीठात ते शिकवू लागले, तेव्हा त्यांचे काही विद्यार्थी वयाने त्यांच्याहून मोठे होते.

या यशाला खाजगी दुःखाची किनार होती. 1869 मध्ये त्यांनी ल्युडमिला फेडोरोविच यांच्याशी विवाह केला. वधूला क्षयाने इतके ग्रासले होते की, विवाहविधीसाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. पुढची चार वर्षे मेचनिकॉव्ह यांनी पत्नीला उबदार हवेच्या ठिकाणी हलविण्यात आणि औषधोपचारात घालविली. एप्रिल 1873 मध्ये मदेरा बेटावर ल्युडमिला यांचे निधन झाले. खचलेल्या मेचनिकॉव्ह यांनी मॉर्फीनची मोठी मात्रा घेऊन जीवन संपविण्याचा प्रयत्न केला. मात्रा जास्त झाल्याने उलटी झाली आणि ते वाचले. त्यानंतर लवकरच एका रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणारे अल्पायुषी कीटक त्यांच्या दृष्टीस पडले. काही तासच जगणाऱ्या या जीवांना नैसर्गिक निवडीचा नियम कसा लागू पडत असेल, हा विचार मनात आला आणि त्या विचारामागे ते पुन्हा विज्ञानाकडे वळले.

1875 मध्ये त्यांनी ओल्गा बेलोकोपितोव्हा यांच्याशी दुसरा विवाह केला. 1880 मध्ये ओल्गा विषमज्वराने अत्यवस्थ झाल्या. त्या बऱ्या झाल्या, परंतु मेचनिकॉव्ह यांना पुन्हा नैराश्याने घेरले. 1881 मध्ये त्यांनी उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. मृत्यू आलाच तर तो विज्ञानाच्या उपयोगी पडावा, असा त्यामागचा हिशेब होता. या जीवघेण्या आजारातूनही ते उठले, आणि आश्चर्य म्हणजे जगण्याची नवी उमेद घेऊन उठले. त्याच वर्षी झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली होती. सरकारी दडपशाहीमुळे विद्यापीठातील वातावरण गढूळ झाले. 1882 मध्ये मेचनिकॉव्ह यांनी प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला आणि ओल्गा व तिच्या लहान भावंडांना घेऊन ते सिसिलीतील मेसिना येथे राहण्यास गेले.

तेथेच त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. एके दिवशी घरातील मंडळी सर्कस पाहण्यास गेली होती. मेचनिकॉव्ह एकटेच सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाच्या पारदर्शक डिंभातील हलणाऱ्या पेशी पाहत बसले होते. या फिरत्या पेशी केवळ अन्न पचविण्यासाठी नसून शरीराचे रक्षण करण्यासाठी असाव्यात, असे त्यांच्या मनात चमकून गेले. तसे असेल, तर बाहेरून टोचलेल्या काट्याभोवती त्यांनी गर्दी केली पाहिजे. त्यांनी बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि डिंभांच्या त्वचेखाली सरकविले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. सकाळी पाहतात तो काट्यांभोवती पेशींचा वेढा पडलेला होता.

ना रक्तवाहिन्या, ना मज्जासंस्था. अशा साध्या जीवातही संरक्षणाची ही व्यवस्था असेल, तर ती सर्व प्राणिसृष्टीत असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या काळचे बहुतेक वैद्य मानत असत की, रक्तातील श्वेतपेशी जंतूंना उलट आसरा देतात आणि शरीरभर पसरवितात. मेचनिकॉव्ह यांचे म्हणणे नेमके याच्या विरुद्ध होते. व्हिएन्नातील प्राणिशास्त्रज्ञ कार्ल क्लाउस यांच्या सूचनेवरून या पेशींना ग्रीक शब्दांवरून फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी, असे नाव देण्यात आले. 1883 मध्ये हा सिद्धान्त प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी पाणपिसवांच्या शरीरात शिरलेल्या किण्वबीजांना भक्षक पेशी कशा गिळतात, हेही त्यांनी दाखवून दिले. पेशी जिंकल्या तर पाणपिसू जगते आणि हरल्या तर मरते, असा तो रोगाचा उघड्या डोळ्यांनी पाहिलेला लढा होता.

1886 मध्ये ओडेसात सुरू झालेल्या जिवाणुशास्त्रीय केंद्राची धुरा त्यांच्याकडे आली. लुई पाश्चर यांची रेबीजवरील लस देणारे ते सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक होते. मात्र वैद्यकीय पदवी नसलेल्या प्राणिशास्त्रज्ञाने असे केंद्र चालवावे, हे स्थानिक डॉक्टरांना रुचले नाही. त्यातच मेंढ्यांना दिलेल्या काळपुळीच्या लसीने हजारो मेंढ्या दगावल्या. मेचनिकॉव्ह त्या वेळी ओडेसात नव्हते, तरी बोल त्यांनाही लागला. 1888 मध्ये त्यांनी मायदेश सोडला. पाश्चर यांनी पॅरिसमधील आपल्या नव्या संस्थेत त्यांना प्रयोगशाळा दिली आणि उर्वरित आयुष्य त्यांनी तेथेच व्यतीत केले.

ओडेसातील त्यांचा एक विद्यार्थीही पाठोपाठ पॅरिसला पोहोचला. वॉल्डेमार हाफकिन हे त्याचे नाव. संशोधकाची जागा रिकामी नसल्याने हाफकिन यांनी 1889 मध्ये पाश्चर संस्थेत सहायक ग्रंथपालाचे काम पत्करले आणि उरलेल्या वेळात प्रयोग केले. 1892 मध्ये त्यांनी पटकीची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. 1896 च्या प्लेगच्या साथीत ते मुंबईला आले आणि 10 जानेवारी 1897 रोजी प्लेगची लसही त्यांनी आधी स्वतःवरच आजमाविली. परळ येथील हाफकिन संस्थेच्या रूपाने मेचनिकॉव्ह यांच्या शिष्याचे नाव आज मुंबईच्या नकाशावर आहे.

पॅरिसमध्ये मेचनिकॉव्ह यांना दीर्घ वैचारिक लढाई लढावी लागली. जर्मनीत रॉबर्ट कॉख आणि एमिल फॉन बेरिंग यांचे संप्रदाय प्रबळ होते. रोगप्रतिकाराचे सामर्थ्य पेशींत नसून रक्तद्रवातील प्रतिविषांत आहे, असे त्यांचे मत होते. पॉल एर्लिख यांनी त्याला सैद्धान्तिक बैठक दिली. सुमारे दोन दशके हा वाद चालला. अखेर 1908 मध्ये नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि एर्लिख यांना विभागून देण्यात आले. दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर होत्या, हे पुढील काळाने सिद्ध केले.

मात्र या वादाच्या ओघात आणखी एक प्रश्न पुढे आला होता. शरीराचे रक्षक स्वतःच्याच शरीरावर उलटू शकतात काय? 1900 मध्ये मेचनिकॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतील सर्गेई मेटाल्निकॉव्ह यांनी दाखविले की, गिनीपिगच्या शरीरात स्वतःच्याच शुक्रपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. शरीर स्वतःवर असा घातक हल्ला होऊ देणार नाही, असे एर्लिख यांनी त्यानंतर लवकरच प्रतिपादन केले. त्यांच्या अधिकारवाणीपुढे हा धागा कित्येक दशके मागे पडला.

त्याच सुमारास मेचनिकॉव्ह वार्धक्याच्या प्रश्नाकडे वळले. 1903 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी स्वभावावरील ग्रंथात त्यांनी वार्धक्याच्या अभ्यासाला जेरॉन्टॉलॉजी हे नाव सुचविले. वार्धक्य ही अपरिहार्य अवस्था नसून ती एक व्याधी आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यांची मांडणी थोडक्यात अशी : मोठ्या आतड्यात अन्न कुजविणारे जिवाणू फिनॉल, इंडोल यांसारखी विषे निर्माण करतात. ही विषे रक्तात मिसळून मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांतील पेशींना दुर्बळ करतात. मग शरीराच्या भक्षक पेशीच या दुबळ्या पेशींवर तुटून पडतात. वृद्धांच्या मेंदूत चेतापेशींना वेढून बसलेल्या पेशी आपण पाहिल्या आहेत, असे ते सांगत. ज्या रक्षकांचा शोध त्यांनी स्वतः लावला होता, तेच या कथेत भक्षक ठरले होते.

या दुष्टचक्रावर त्यांनी सुचविलेला उपाय मराठी घराला मुळीच परका नाही. आंबविलेल्या दुधातील जिवाणू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात कुजविणारे जिवाणू वाढत नाहीत. दीर्घायुषी मानल्या जाणाऱ्या बल्गेरियन शेतकऱ्यांच्या आहारात आंबट दुधाला मोठे स्थान होते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. 1904 मध्ये पॅरिसमध्ये वार्धक्यावर दिलेल्या त्यांच्या व्याख्यानाने खळबळ उडाली. वर्तमानपत्रांनी त्यांच्या तर्काचे रूपांतर संजीवनीत केले. औषधविक्रेत्यांनी विरजणाच्या गोळ्या बाजारात आणल्या. दही मृत्यूला दूर ठेवते, असे आपण म्हटलेले नाही, हा त्यांचा खुलासा त्या गदारोळात कोणी फारसा ऐकला नाही. ते स्वतः मात्र आंबविलेले दूध नेमाने घेत आणि कच्चे अन्न टाळत.

तर्क आणि पुरावा यांतील अंतर विसरले गेले की काय घडते, याचे अधिक गंभीर उदाहरण लंडनमध्ये दिसले. मोठे आतडे माणसाला निरुपयोगी, किंबहुना अपायकारक आहे, असे मेचनिकॉव्ह यांनी लिहिले होते. आतड्यातील विषांच्या अशाच सिद्धान्तावर विश्वास ठेवून आर्बथनॉट लेन या प्रख्यात शल्यविशारदाने जुनाट बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडे काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. काही रुग्णांना त्यात प्राण गमवावे लागले. पुढे अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, मेचनिकॉव्ह यांचा बल्गेरियन जिवाणू मानवी आतड्यात ठाणच मांडत नाही. त्यानंतर आतड्यांतील विषांचा सिद्धान्त वैद्यकाने जवळजवळ निकालात काढला.

मल्टिपल स्क्लेरोसिसची कथा या काळाला समांतर चालली होती. पॅरिसमधील सालपेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तें शार्को यांनी 1868 मध्ये या व्याधीचे स्वतंत्र आणि सुस्पष्ट वर्णन केले होते. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील चेतातंतूंवर मायलिनचे वेष्टन असते; विजेच्या तारेवर रबरी आवरण असावे तसे. या व्याधीत ते ठिकठिकाणी नष्ट होते आणि तेथे कठीण चट्टे राहतात. दृष्टी अंधुक होणे, हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, अंगातील बळ ओसरणे ही तिची लक्षणे. ती बहुधा वीस ते चाळीस या ऐन उमेदीच्या वयात गाठते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत किमान दुपटीने आढळते. 2020 च्या अंदाजानुसार जगभरात सुमारे 28 लाख लोक या व्याधीसह जगत होते.

शरीरच हे वेष्टन उद्ध्वस्त करते, याचा सुगावा ओडेसाच्या केंद्रात दिल्या जाणाऱ्या त्याच रेबीजच्या लसीतून लागला. ती लस सशांच्या वाळविलेल्या मज्जारज्जूपासून बनत असे. ती घेतलेल्या काही मोजक्या व्यक्तींना नंतर पक्षाघात होत असे. 1930 च्या दशकात अमेरिकेत थॉमस रिव्हर्स यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अंश वारंवार टोचला, तेव्हा काही माकडांच्या मेंदूतील मायलिन नष्ट झाले. दोष रेबीजच्या विषाणूचा नव्हता. परक्या मेंदूच्या ऊतीशी लढावयास शिकलेले शरीर स्वतःच्या मेंदूवर उलटले होते. भारतात कसौली येथे विकसित झालेली सेंपल लसही प्राण्यांच्या मेंदूपासूनच तयार होत असे. पोटात घ्याव्या लागणाऱ्या चौदा इंजेक्शनांची जी आठवण जुन्या पिढीला आहे, ती याच लसीची. तिच्यातही हा दुर्मीळ धोका होता आणि अधिक सुरक्षित लशी आल्यावर तिचा वापर थांबविण्यात आला.

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ताज्या चट्ट्यांत मायलिन गिळणाऱ्या पेशी आढळतात, त्या मेचनिकॉव्ह यांच्या भक्षक पेशींच्याच कुळातील. त्यांना चिथावणी देण्याचे काम मुख्यतः टी आणि बी या लसिकापेशी करतात, हे ज्ञान मेचनिकॉव्ह यांच्यानंतरचे. शिवाय याच भक्षक पेशी तुटलेल्या मायलिनचा कचरा साफ करून दुरुस्तीला वाटही करून देतात. रक्षक आणि भक्षक ही दोन्ही रूपे एकाच पेशीची आहेत.

आतड्याचा धागा पुन्हा हाती आला तो 2011 मध्ये. जर्मनीतील म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार आपोआप होईल असे उंदीर जनुकीय बदलांनी तयार केले होते. हे उंदीर पूर्णतः जंतुमुक्त वातावरणात वाढविले, तेव्हा ते निरोगी राहिले. त्यांच्या आतड्यांत नेहमीचे जिवाणू सोडताच आजार प्रकट झाला. 2017 मध्ये याच गटाने एकसारख्या जुळ्या भावंडांची मदत घेतली. प्रत्येक जोडीत एकाला व्याधी होती आणि दुसरा निरोगी होता. व्याधिग्रस्त भावंडाच्या आतड्यांतील जिवाणू दिलेल्या उंदरांपैकी अधिक उंदीर आजारी पडले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनीही रुग्णांच्या आतड्यांत काही जिवाणू अधिक, तर दाह शमविणारे काही जिवाणू कमी असल्याचे दाखविले. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात 576 रुग्णांची तुलना त्यांच्याच घरातील तितक्याच निरोगी व्यक्तींशी करण्यात आली. घर आणि बऱ्याच अंशी आहार समान असूनही दोन्ही गटांतील जिवाणूंत फरक आढळला.

या निष्कर्षांनी मेचनिकॉव्ह यांचे सारेच म्हणणे खरे ठरविलेले नाही. ज्या इंडोलला त्यांनी विष मानले, त्याच कुळातील आणि आतड्यांतील जिवाणूंनीच घडविलेली काही द्रव्ये उंदरांच्या मेंदूतील दाह आटोक्यात ठेवतात, असे 2016 मध्ये दिसून आले. त्यांनी निरुपयोगी ठरविलेल्या मोठ्या आतड्यात तंतुमय अन्नापासून जिवाणू जी मेदाम्ले तयार करतात, ती प्रतिकारपेशींना संयम शिकवितात. शत्रू मानलेल्या वस्तीत मित्रही मोठ्या संख्येने राहतात, असा याचा अर्थ.

जिवाणू हे या व्याधीचे एकमेव कारणही नव्हे. 2022 मध्ये अमेरिकी सैनिकांच्या दीर्घ नोंदींवरून एप्स्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर या व्याधीचा धोका 32 पटींनी वाढतो, असे आढळले. आनुवंशिकता, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आणि धूम्रपान यांचाही वाटा आहे. रुग्णांच्या आतड्यांतील बदल व्याधीमुळे होतात की व्याधी त्यांच्यामुळे, हे माणसांच्या बाबतीत अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही. दही, ताक किंवा जिवाणूंच्या गोळ्या घेऊन मल्टिपल स्क्लेरोसिस बरा होतो, असा पुरावा आज नाही. प्रतिकारपेशींना आवर घालणारी औषधे हाच रुग्णाचा मुख्य आधार आहे. ती सोडून कोणी 1904 च्या पॅरिसकरांप्रमाणे संजीवनीच्या मागे लागल्यास किंमत त्यालाच मोजावी लागेल.

मेचनिकॉव्ह यांचा स्वतःवरील प्रयोग शेवटपर्यंत चालू होता. मे 1909 मध्ये ते लेव्ह टॉल्स्टॉय यांना यास्नाया पोल्याना येथे भेटले. टॉल्स्टॉय यांनी इव्हान इल्यिचच्या मृत्यूवर लिहिलेल्या प्रसिद्ध कथेला मेचनिकॉव्ह यांच्या इव्हान या थोरल्या भावाच्या अकाली मृत्यूची पार्श्वभूमी होती. मृत्यूकडे पाहण्याची दोघांची दृष्टी भिन्न होती. एकाचा भर श्रद्धेवर, तर दुसऱ्याचा विज्ञानावर होता. पाच वर्षांनी पहिले महायुद्ध सुरू झाले. पाश्चर संस्थेतील तरुण संशोधक आघाडीवर गेले, प्रयोगशाळा ओस पडल्या. मेचनिकॉव्ह यांचे हृदयही थकत चालले होते.

15 जुलै 1916 रोजी पॅरिसमध्ये वयाच्या 71 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्या सिद्धान्ताने ज्या दीर्घायुष्याची आशा दाखविली, ते आपल्या वाट्याला आले नाही, याची त्यांना जाणीव होती. त्यांनी तिचीही नोंद एखाद्या निरीक्षणासारखीच करून ठेवली. मृत्यूनंतर आपल्या आतड्यांची बारकाईने तपासणी करावी, असे त्यांनी आपल्या डॉक्टर सहकाऱ्याला सांगून ठेवले होते. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात जतन करण्यात आल्या आहेत. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचा शोध आता म्युनिकपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतच्या प्रयोगशाळांत पुढे चालू आहे.